शोध तुझाही आहे

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून राहवलं नाही. ज्या सिद्धतेपायी रात्रीच्या रात्री जागलास, ती दुसऱ्या कुणी आधीच छापलेली निघाली म्हणून तू वही कपाटात टाकलीस, हे मला मुळीच पटलेलं नाही.

हंगेरीचा गणितज्ञ यानोस बोल्याई, त्यानेही हेच केलं. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडचं गृहीतक बाजूला ठेवून त्याने नवी भूमिती उभारली. १८३२ मध्ये ती वडिलांच्या ग्रंथाचं परिशिष्ट म्हणून छापून आली. वडिलांनी अभिमानाने ती थोर जर्मन गणितज्ञ गाउसला पाठवली. गाउसने कळवलं की हिची स्तुती करणं म्हणजे स्वतःचीच स्तुती करणं, कारण आपण हे सारं कधीच मनाशी योजलं होतं. शिवाय लोबाचेव्हस्की या रशियन गणितज्ञाने तिकडे कझानला अशीच भूमिती १८२९ मध्येच छापायला सुरुवात केली होती. बोल्याईने पुढे गणितातलं काहीच छापलं नाही. हजारो पानं लिहिली, ती तशीच पडून राहिली. मला हे वाचताना आजही कालवाकालव होते.

आता आपल्या मातीतला माणूस बघ. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसबें. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण १९४३ मध्ये भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी जे छापलं ते विलक्षण आहे. मांडवी नदीच्या पातळीचा दिवसभराचा आलेख काढला तर रोज वेगळा येईल. पण काही मूळ वक्र असे निवडता येतात की रोजचा आलेख त्यांच्याच कमी-अधिक मिश्रणातून उभा राहतो, आणि मिश्रणाच्या गुणकांत आपसात सहसंबंध नसतो. पहिल्या वक्राकडे चढउताराचा सर्वांत मोठा वाटा, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. कार्हुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांनी पुढच्या काही वर्षांत आपापल्या वाटेने हेच गाठलं, आणि पाठ्यपुस्तकांत नावं त्या दोघांचीच बसली. अलीकडे काही जण कोसंबींचं नाव आधी लावतात. लावायलाच हवं.

यात चोरी कुणाचीच नाही. या शोधाला लागणारी साधनं, म्हणजे इंटिग्रल समीकरणांचा सिद्धांत, मर्सरचं १९०९ चं प्रमेय, कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये घातलेला संभाव्यतेचा पाया, सगळं तोवर छापून आलेलं होतं, म्हणून एकच गोष्ट अनेकांना स्वतंत्रपणे सुचू शकली. १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ या दोन गणितज्ञांनी मूळ संख्या किती दाटीने येतात हे सांगणारं प्रमेय वेगवेगळं सिद्ध केलं, आणि मान दोघांनाही मिळाला.

तुझी तिसरी पायरी त्या छापील सिद्धतेत नाही, मी ताडून पाहिलं. आधीच्या लेखाचा स्पष्ट उल्लेख कर, तारीख घाल आणि लेख पाठव. चवथीला येशील तेव्हा मसुदा घेऊन ये, दोघं बसून नीट करू.

तुझा,
बालमित्र