धुऱ्यावरच्या मोगली एरंडाला गिऱ्हाईक द्या

संपादक महोदय,

डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था १९६० साली फ्रेंच संस्थेच्या मदतीने उभी राहिली. गावात तिचं नाव कोणाला ठाऊक नाही. तिथल्या संशोधनाचा हात लागलेला 'नूतन' स्टोव्ह मात्र आमच्या घरी होता. माय त्याच्या वाती कात्रीनं सारख्या करायची, म्हणजे ज्योत निळी अन् भांड्याला काजळी नाही.

याच संस्थेनं मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून विमानाचं इंधन केलं. २७ ऑगस्ट २०१८ला नेहमीच्या इंधनात हे २५ टक्के मिसळून डेहराडून ते दिल्ली विमान उडालं. बिया छत्तीसगडच्या, म्हणजे शेजारच्याच!

आम्हालाही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हाच मोगली एरंड लावायला सांगितलं होतं. नंतर बिया घ्यायला कोणी फिरकलं नाही. जिल्ह्यात एक खरेदी केंद्र तरी द्या.

— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ