कायदा करताना टाइम ऑफिसलाही विचारा

महोदय,

कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की बेळगावच्या सुवर्णसौधच्या, म्हणजे इथल्या विधानभवनाच्या, आसपास मंडप पडतात. शेतकरी येतात, अंगणवाडी सेविका येतात, उद्योजकांची शिष्टमंडळं मंत्र्यांना निवेदन देऊन फोटो काढून घेतात. या गर्दीत आम्ही एचआरवाले कुठेच नसतो. कामगारांना आम्ही मालकाची माणसं वाटतो, मालकाला पगारी नोकर, आणि सरकारच्या लेखी आम्ही नुसते फॉर्म भरणारे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी हे काम करते. नवा कायदा आला की त्याचं रजिस्टर शेवटी टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरी-पगार बघणाऱ्या खात्यात, माझ्याच टेबलावर येतं. तो लिहिला जाताना मात्र आमच्यापैकी कुणाला विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

जुलै 2024 मधलं कर्नाटक सरकारचं स्थानिकांना नोकऱ्या देण्याचं विधेयक वाचकांना आठवत असेल. व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि बाकीच्या 70 टक्के जागा स्थानिकांना, असा तो मसुदा होता. मंत्रिमंडळाने मंजूर केला, बेंगळूरच्या आयटी कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि दोन-चार दिवसांत तो बाजूला ठेवला गेला. हरियाणाचा 75 टक्क्यांचा असाच कायदा तिथल्या हायकोर्टाने 2023 मध्ये रद्द केला होता, तेही कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. पण बाजूला ठेवलेलं विधेयक कधीही परत येऊ शकतं. आणि बेंगळूरची तक्रार वेगळी होती, आमची वेगळी आहे. आमची कुणी ऐकलेलीच नाही.

त्या मसुद्यात स्थानिक कोण? तर जो कर्नाटकात जन्मला, पंधरा वर्षं इथे राहिला आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं तो. दहावीला कन्नड विषय नसेल तर सरकारी परीक्षा द्यायची. बेंगळूरमध्ये बसून हे वाचायला सरळ वाटतं. आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनवतात त्या विभागात, एक बाई आहेत. माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगावात. संसार इथे, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, मुलं कन्नड शाळेत शिकलेली. पण जन्म महाराष्ट्रातला, म्हणजे त्या आयुष्यभर परक्याच. चंदगड-बेळगाव सोयरिकी किती आहेत हे इथल्या कुठल्याही लग्नाच्या हॉलवाल्याला विचारा. सीमेपलीकडच्या शिनोळीहून रोज मोटरसायकलवर येणारा मोल्डर (साचे बनवणारा) परका, आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला बीदरमध्ये जन्मलेला उमेदवार स्थानिक! बीदरच्या पोराला माझा अजिबात विरोध नाही. पण तो इथे फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, येणार आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. ग्राइंडरच्या धुळीतलं ते काम आज आमच्याकडे बिहार आणि ओडिशाची मुलं करतात. स्थानिक माणूस मिळाला नाही तर सवलतीसाठी अर्ज करण्याची सोय मसुद्यात होती म्हणे. तो अर्ज कोण लिहिणार, त्याला उत्तर येईपर्यंत फेटलिंगची लाइन कोण चालवणार?

हा दोष एकट्या कर्नाटकाचा नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्र सरकारचाही उद्योगांत 80 टक्के स्थानिक घेण्याचा आग्रह आहेच. म्हणजे आमच्या तुरमुरीचा पोरगा शिनोळीच्या एमआयडीसीत गेला तर तो तिकडे बाहेरचा. सीमाप्रश्न कोर्टात आहे, त्यावर मी बोलत नाही. मी फक्त हजेरीपटाबद्दल बोलतेय.

आता भाषेचं. आमचा एक जुना कामगार परीक्षेची बातमी ऐकून म्हणाला, ‘मॅडम, कन्नड बोलतोय की मी, लिहायला कुठं येतंय?’ ठेकेदाराशी, कंडक्टरशी, शेजाऱ्याशी तो दिवसभर कन्नडच बोलतो. ओल्या लॅडलमध्ये (धातू ओतायच्या मोठ्या पळ्यात) वितळलेलं मेटल ओतलं तर स्फोट होतो, हे मी नव्या माणसाला मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सांगते, आणि त्याच्याकडून परत वदवून घेते. कारखान्यातल्या कामाच्या नियमांबद्दलच्या जुन्या, 1946 सालच्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या कायद्यातसुद्धा नियम बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावावेत असं लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याने कधीतरी कारखाना पाहिला असणार.

दुसऱ्या कायद्यांतही हेच. 2023 मध्ये राज्याने कारखाना कायदा बदलून दिवसाला बारा तासांपर्यंत काम घ्यायला मुभा दिली. आठवड्याचे 48 तास कायम, त्यामुळे कागदावर कामगाराचं नुकसान नाही. पण खानापूरच्या आतल्या गावांतल्या माणसाची शेवटची बस बारा तासांची शिफ्ट सुटायच्या आधीच निघून जाते, याची नोंद त्या सुधारणेत कुठे आहे? आणि 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यापासून वेतनाची नवी व्याख्या पगाराच्या स्लिपसमोर उभं राहून समजावतेय, तीही मीच.

माझी मागणी फार मोठी नाही. अधिवेशन दरवर्षी इथे भरतंच. त्या काळात कामगारमंत्र्यांनी आणि आमच्या भागातल्या आमदारांनी एक दुपार उद्यमबाग, मच्छे आणि होनग्याच्या टाइम ऑफिसमधल्या लोकांना द्यावी. मालकांच्या संघटनेमार्फत नको, थेट. शंभराच्या आतल्या छोट्या कारखान्यांतल्यांनाही बोलवा, तिथे एकच माणूस पगार, पीएफ आणि गेटपास बघतो. आणि माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते, राजपत्रात कच्चे नियम येतात तेव्हा हरकतींना मुदत असते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकांना पीडीएफ पाठवण्यात ती घालवू नका, लेखी हरकत पाठवा. कंपनीची परवानगी मिळत नसेल तर नागरिक म्हणून पाठवा. स्थानिकांचं विधेयक पुन्हा आलंच, तर जन्माची अट काढून वास्तव्याची ठेवा आणि कन्नड लिहिण्याऐवजी बोलता येणं पुरे माना, ही माझी हरकत मी आजच लिहून ठेवली आहे.

— एक एचआर अधिकारी, उद्यमबाग, बेळगाव