त्यांच्याकडे वीज होती, रोकड नव्हती

संपादक साहेबांना नमस्कार,

एमसीएक्स आणि एनएसई या एक्स्चेंजवर जुलै 2025 मध्ये विजेचे वायदे (म्हणजे पुढचा भाव आजच बांधून ठेवणारे सौदे) सुरू झाले तेव्हापासून आपल्या पेपरात त्याबद्दल अधूनमधून वाचतोय, आणि बहुतेक ठिकाणी सूर असा असतो की चला, आता आपणही युरोपसारखे झालो. म्हणून लिहायला बसलो. मी मूळचा सांगलीचा, काही वर्षं झाली अॅमस्टरडॅमजवळ राहतो आणि काम करतो ते एनर्जी ट्रेडिंगच्या रिपोर्टिंगचं, म्हणजे कंपनीने गॅसचा किंवा विजेचा सौदा केला की त्याची माहिती रेग्युलेटरकडे वेळेत आणि नीट जाते की नाही ते बघायचं. युरोपात 2022 मध्ये जे झालं ते इथे बसून रोज बघितलंय, आणि त्यातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोललीच जात नाही असं मला वाटतं.

आपल्याकडे सगळ्यांना माहितीये की रशियाचा गॅस आटला आणि भाव भडकले. खरंच आहे. नेदरलँड्सचा टीटीएफ नावाचा गॅसचा बाजार आहे, सगळा युरोप त्याच्याकडे बघून भाव ठरवतो, तिथे आधी वर्षानुवर्षं मेगावॉट-तासाला (म्हणजे 1000 युनिटला) 20 युरोच्या आसपास असलेला भाव 26 ऑगस्ट 2022 ला 340 च्या घरात गेला. जर्मनीत पुढच्या वर्षाची वीज त्याच दिवसांत 1000 युरोच्या आसपास पोचली. पण त्या आठवड्यात कंपन्यांच्या लोकांना झोप लागत नव्हती ती गॅस मिळेल का म्हणून नाही, उद्याचं मार्जिन, म्हणजे वायद्यासाठी एक्स्चेंजकडे भरायची रोकड, कुठून आणायची म्हणून.

सांगलीच्या माणसाला हळदीवरून सांगतो. समजा तुमच्या शेतात हळद उभी आहे, भाव पडेल म्हणून तुम्ही आधीच वायदा विकून ठेवला. भाव पडला तर वायद्यात फायदा, वाढला तर वायद्यात तोटा पण हळद महाग विकली जाणार, म्हणजे एकूण हिशोब जुळतो. गोची इतकीच की वायद्यातला तोटा एक्स्चेंजला रोजच्या रोज रोख भरायचा असतो आणि हळदीचे पैसे मात्र काढणी झाल्यावर येणार. मधले सहा महिने रोकड कुठून आणायची?

आता हळदीच्या जागी स्वीडन-फिनलंडची धरणं आणि अणुवीज केंद्रं ठेवा. 100 मेगावॉट वीज वर्षभरासाठी विकून ठेवली तर 8760 तासांचे 8 लाख 76 हजार मेगावॉट-तास होतात, आणि भाव फक्त 100 युरोने वर गेला तरी 8 कोटी 76 लाख युरो रोख टाकावे लागतात, तेही लगेच, आणि हे एका छोट्याशा सौद्याचं झालं, मोठ्या कंपन्यांचे सौदे याच्या कितीतरी पट. फिनलंडच्या फोर्टम या वीज कंपनीने मार्जिनपोटी ठेवलेलं तारण ऑगस्टच्या शेवटी एका आठवड्यात 1 अब्जाने वाढून 5 अब्ज युरोवर गेलं होतं. कंपनी काही बुडीत नव्हती. विकलेली वीज तिच्याकडे होतीच, उलट ती वीज आता जास्त किमतीची होती!

मग 2 सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीने सांगितलं की जर्मनीला गॅस नेणारी नॉर्ड स्ट्रीम 1 पाइपलाइन परत सुरू होत नाही. सोमवारी बाजार उघडल्यावर काय होईल या धास्तीने स्वीडनने 250 अब्ज क्रोनरपर्यंत आणि फिनलंडने 10 अब्ज युरोपर्यंत मदत शनिवार-रविवारीच जाहीर केली. फिनलंडच्या मंत्र्यांनी तर 2008 मध्ये बुडालेल्या लीमन ब्रदर्स या अमेरिकन बँकेचं नाव घेतलं. दोन दिवसांनी स्वित्झर्लंडने ॲक्स्पो या वीज कंपनीसाठी 4 अब्ज फ्रँकची क्रेडिट लाइन (लागेल तेव्हा उचलायचं कर्ज) काढली. नॉर्वेच्या इक्विनॉर या तेल-गॅस कंपनीच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता की सगळ्या युरोपात मिळून मार्जिनची मागणी किमान दीड लाख कोटी युरोची आहे.

हा मार्जिनचा नियम वाईट हेतूने आलेला नाही हे पण सांगितलं पाहिजे. एन्रॉन म्हटलं की आपल्याला दाभोळ आठवतं, पण इथल्या जुन्या ट्रेडर लोकांना डिसेंबर 2001 आठवतो, कारण एन्रॉन युरोपात पण विजेची मोठी ट्रेडर होती आणि ती बुडाल्यावर तिच्याशी सौदे केलेले लोक हातात कागद घेऊन बसले. मग 2008 चं आर्थिक संकट झालं, 2009 मध्ये पिट्सबर्गला जी-20 वाल्यांनी ठरवलं की एक्स्चेंजबाहेर होणारे ठरावीक साच्याचे डेरिव्हेटिव्हचे (वायद्यासारखे) सौदेही क्लिअरिंग हाउसमधून गेले पाहिजेत, आणि त्यातून 2012 चा एमिर हा युरोपचा कायदा आला. क्लिअरिंग हाउस मध्ये उभं राहतं, दोघांकडून मार्जिन घेतं, कुणी बुडालं तरी दुसऱ्याचे पैसे सुटतात. मला हे पटतं. सप्टेंबर 2018 मध्ये स्टॉकहोमच्या नॅसडॅक क्लिअरिंगमध्ये एका नॉर्वेजियन ट्रेडरने नॉर्डिक आणि जर्मन विजेच्या भावातल्या फरकावर एवढी मोठी पोझिशन घेतली होती की त्याचं मार्जिन संपून वर 11 कोटी 40 लाख युरोचा खड्डा पडला आणि तो बहुतांशी इतर मेंबरांच्या फंडातून भरावा लागला. म्हणजे मार्जिन कमी घेतलं की असं होतं. जास्त घेतलं की 2022 होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे नियम शेअर आणि व्याजदरांचे सौदे डोळ्यापुढे ठेवून केले गेले, जिथे समोर बँक असते आणि बँकेला सेंट्रल बँकेकडून रोकड मिळते. धरणवाल्या कंपनीच्या पाठीशी सेंट्रल बँक नसते, तिच्याकडे असतं पाणी, आणि पाणी क्लिअरिंग हाउस तारण म्हणून घेत नाही. हे कळायला एवढं संकट यावं लागलं. नोव्हेंबर 2022 मध्ये युरोपियन युनियनने अशा कंपन्यांना साधी बँक गॅरंटी तारण म्हणून चालेल अशी तात्पुरती सूट दिली आणि किती रकमेच्या सौद्यांनंतर क्लिअरिंग सक्तीचं होतं ती मर्यादा कमोडिटीसाठी (गॅस, वीज अशा मालासाठी) 3 अब्जावरून 4 अब्ज युरो केली. गॅरंटीची सूट नंतरच्या एमिर 3 मध्ये, म्हणजे डिसेंबर 2024 पासून, कायम झाली. हे चांगलं झालं, पण उशिरा झालं.

तोपर्यंत काय झालं की ज्यांना रोजची रोकड झेपेना ते एक्स्चेंज सोडून आपसात सौदे करायला लागले. यात बेकायदा काही नाही. प्रत्यक्ष वीज किंवा गॅस द्यायचा असेल तर असे बरेच सौदे मिफिड या फायनान्सच्या कायद्याबाहेरच राहतात, त्यांच्यावर रेमिट हा एनर्जीचा वेगळा कायदा लागू होतो. पण जो धोका क्लिअरिंग हाउसमध्ये आणण्यासाठी एवढा खटाटोप केला तोच परत दोन कंपन्यांच्या खाजगी वहीत गेला, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

दोन कायदे, दोन घरं. मिफिड-एमिरसाठी पॅरिसची एस्मा ही नियामक संस्था, रेमिटसाठी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाची एसर. रेमिट हा माझ्या मते फार चांगला कायदा आहे, 2011 चा. एखादं वीज केंद्र बंद पडणार हे कंपनीला आत कळलं तर आधी ते जाहीर करायचं आणि मगच ट्रेड करायचा, नाहीतर ते इन्सायडर ट्रेडिंग. पण गॅसची डिलिव्हरी एकाच्या स्क्रीनवर आणि त्याच गॅसचे वायदे दुसऱ्याच्या, तर पूर्ण चित्र कुणाकडे? 2024 मध्ये रेमिट सुधारला तेव्हा दोघांनी जास्त मिळून काम करायचं ठरलं, रोजच्या कामात अजून खूप बाकी आहे.

आणि मग ती गॅसच्या भावावरची 180 युरोची मर्यादा, जिची आपल्याकडे बातमी आली होती. तीन दिवस भाव 180 च्या वर आणि जागतिक एलएनजीच्या (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसच्या) भावापेक्षा 35 ने जास्त राहिला तर लागू, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून होता. एकदाही लागू झाला नाही, कारण तोपर्यंत भाव 60 च्या खाली आले होते, आणि 31 जानेवारी 2025 ला तो संपला. टीटीएफचे वायदे चालवणाऱ्या एक्स्चेंजने मात्र फेब्रुवारी 2023 मध्येच लंडनमध्ये टीटीएफचा जोड बाजार उघडून ठेवला, जिथे युरोपियन युनियनचा नियम चालत नाही. रोकडीच्या प्रश्नाला या मर्यादेने हातच लावला नाही.

सामान्य माणसाला याचं काय, तर माझंच सांगतो. माझं गॅस-विजेचं फिक्स दराचं काँट्रॅक्ट 2022 च्या शरद ऋतूत संपलं आणि नवीन फिक्स द्यायला कोणी तयार नाही, कारण वर्षभराचा दर बांधून द्यायचा तर कंपनीला वायद्यात हेज करावं लागतं, म्हणजे भाव वाढण्याचा धोका वायदा घेऊन झाकावा लागतो, आणि हेज म्हणजे मार्जिन. जानेवारीत सरकारने ठरावीक वापरापर्यंत गॅसला घनमीटरला 1.45 युरोची मर्यादा घातली तोपर्यंत आम्ही एकाच खोलीत हीटर लावून बसत होतो, लेक जॅकेट घालून अभ्यास करायची.

आता आपल्याकडचं. आपला वायदा 50 मेगावॉट-तासाच्या लॉटचा आणि रोखीत सेटल होणारा आहे, म्हणजे प्रत्यक्ष वीज न देता फक्त भावातल्या फरकाचे पैसे दिले-घेतले जातात. डे-अहेड (उद्याच्या विजेच्या) बाजारात युनिटला 10 रुपयांची कमाल मर्यादा असल्यामुळे इथल्यासारखा 1000 युरोचा भडका उडणार नाही हे मान्य. पण एखाद्या वितरण कंपनीने उन्हाळ्यातल्या एका महिन्यासाठी 100 मेगावॉटचा वायदा घेतला आणि भाव युनिटला रुपयाने पडला, तर 7 कोटी 20 लाख रुपये आधी भरायचे आणि स्वस्त विजेचा फायदा नंतर मिळायचा, आणि आपल्या वितरण कंपन्यांच्या थकबाकीच्या बातम्या तर आपणच छापता. सुप्रीम कोर्टापुढे 2021 मध्ये वाद मिटला तेव्हा वायदे सेबीकडे (शेअर आणि वायदे बाजाराच्या नियामकाकडे) आणि प्रत्यक्ष विजेचे सौदे केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे अशी वाटणी झाली, म्हणजे आपल्याकडेही दोन घरं आहेतच.

तर आपल्या वार्ताहरांनी सेबीला आणि आयोगाला विचारावं की एकाच कंपनीचे वायदे आणि प्रत्यक्ष वीज दोन्ही एकत्र कोण बघतंय, आणि महावितरणला विचारावं की उद्या हेज करायचं ठरवलं तर मार्जिनची रोकड कुठून आणणार. उत्तर छापून आलं तर मी इथे ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवेन.

आपला,
एक वाचक, अॅमस्टरडॅम (मूळ सांगली)