मारामारीच्या चित्रपटांचे परीक्षण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युद्धकलांवरील चित्रपटांची बोळवण मराठी परीक्षणांत बहुधा ‘कथा नाही, नुसती मारामारी’ अशा एका वाक्यात होते, याचे मनापासून वाईट वाटते. ज्या चित्रपटाचा सारा भार एका कसलेल्या लढवय्या नटाच्या अंगावर असतो, तिथे त्याचे अंग कसे चालते, कॅमेरा त्याच्यापासून किती दूर आहे आणि दृश्य न तोडता किती वेळ टिकते, हे आधी पाहायला हवे. नटाला लढता येत नसेल तर चेहरा, मूठ आणि कोसळणारा माणूस असे तुकडे जोडून काम भागवावे लागते. तो खरोखर लढत असेल तर त्याला डोक्यापासून पायापर्यंत निर्धास्त दाखवता येते.

१९७२ च्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीने चक नॉरिसशी केलेली लढत याच कारणाने आजही पाहावीशी वाटते. जॅकी चॅन लहानपणापासून हाँगकाँगमधील पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या शाळेत कसरती, गाणे आणि अभिनय शिकला, म्हणूनच त्याच्या मारामारीत ताल असतो. थायलंडच्या टोनी जाने तर ‘टॉम-यम-गूंग’मध्ये (२००५) जिने चढत, माणसे लोळवत केलेली लढत सुमारे चार मिनिटांच्या एकाच सलग शॉटमध्ये दिली आहे. तारांना बांधून नट हवेत उडवण्याला माझा विरोध नाही. जेट ली मुळात वूशू या चिनी युद्धकलेचा राष्ट्रीय विजेता, त्यामुळे तारेवरही त्याचा तोल ढळत नाही.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हे ओळखणारा प्रेक्षक आहे. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात कडेला बसलेला म्हातारा माणूसही पट कसा काढला आणि घिस्सा हा डाव का फसला, हे तिथल्या तिथे सांगतो. अशा जाणत्या नजरेला तुकडे जोडून उभी केलेली मारामारी लगेच खटकते. परीक्षणात मात्र त्याचा उल्लेखही नसतो.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २०१६ च्या चित्रपटांपासून साहसदृश्यांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला आणि तो पहिल्यांदा ‘पुलीमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी फाइट मास्टर (मारामारी बसवणारे) पीटर हेन यांना मिळाला. संगीतकाराचे नाव परीक्षणात येते, तसे फाइट मास्टरचेही यावे आणि नायक स्वतः किती लढला हे वाचकांना सांगावे, अशी आपणास विनंती आहे.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)