तीन मिनिटांचा बॅण्ड?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी ‘लेट नाइट’ (रात्री उशिराच्या गप्पा-विनोदाच्या) टीव्ही कार्यक्रमांवरचा लेख वाचला. भाषांतरित विनोद सोडले तर लेख चांगला आहे. पण सूत्रसंचालक सेठ मायर्सच्या कार्यक्रमातला ‘८जी बॅण्ड’ २०२४ मध्ये खर्चकपातीत गेला, त्यावर लेखकमहाशय म्हणतात की तासाभरात जेमतेम तीन मिनिटं वाजवणाऱ्या मंडळींवाचून काही अडत नाही, रेकॉर्ड लावली की झालं. घड्याळ लावून बसलाच होतात, तर ती तीन मिनिटं ऐकायचीही होती!

नुसता पाहुण्याचा प्रवेश घ्या. सूत्रसंचालकाने नाव पुकारलं की नावाच्या शेवटच्या अक्षरावर बॅण्डने उचलायचं. पडद्यापासून खुर्चीपर्यंत यायला दहा सेकंद लागतील की पंचवीस, कोणालाच ठाऊक नसतं. एखादी नटी तरातरा येऊन बसते, एखादा नट वाटेत पहिल्या रांगेशी हात मिळवत बसतो. म्हणून गाण्यातला असा चार बारचा (म्हणजे चार आवर्तनांसारखा छोटा) तुकडा निवडतात, जो हवा तितका फिरवता येईल आणि कुठल्याही फेरीत तोडता येईल. पाहुणा टेकतोय असं दिसलं की बॅण्डप्रमुखाची मूठ वर जाते, ड्रमर छोटा रोल देतो आणि सगळ्यांचा एका ठोक्यावर कट, तोही टाळ्या ओसरायच्या आत. तिहाई घेऊन समेवरच यायचं, फक्त सम कुठे ते दुसराच माणूस चालता चालता ठरवणार.

रेकॉर्ड लावली तर ध्वनिनियंत्रक फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढणार. त्याला उशीर झाला की सूत्रसंचालकाचं पहिलं वाक्य गाण्याखाली बुडतं, आणि घाई झाली की पाहुणा शांततेत बुटांचा आवाज करत येतो. शिवाय गाण्याची मूळ रेकॉर्ड वापरायची तर गीत-संगीताच्या हक्कांबरोबर रेकॉर्ड कंपनीचेही हक्क घ्यावे लागतात. बॅण्डने तेच गाणं स्वतः वाजवलं तर हा दुसरा खर्च नाही. कपातवाल्यांनी हाही हिशेब मांडला असेलच म्हणा.

राहिला प्रश्न तीन मिनिटांचा. हे कार्यक्रम प्रक्षेपणाच्या काही तास आधी, त्याच दिवशी चित्रित होतात. आपण जाहिराती बघतो तेव्हा स्टुडिओत बॅण्ड अख्खं गाणं वाजवत असतो. घरी पोचतात ते जातानाचे आणि परततानाचे काही सेकंद. कानात फ्लोअर मॅनेजरची उलटी मोजणी चालू असते आणि त्याच्या शून्यावर गाणं योग्य जागी आलेलं असावं लागतं. मधल्या वेळात प्रेक्षक थंडावले तर परतल्यावरच्या पहिल्या विनोदाला हशा पातळ येतो, आणि माइकला तो लपवता येत नाही. याच दणदणाटाच्या आडोशाने निर्माते टेबलाशी येऊन पुढचा प्रश्न बदलून जातात.

दुसरा सूत्रसंचालक क्रेग फर्ग्युसन याने बॅण्डशिवाय निभावलं, असं कोणी म्हणेल. निभावलं खरं, पण पुढे सोबतीला एक बोलका यांत्रिक सांगाडा घ्यावा लागला! उलट १९९३ मध्ये सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन एनबीसी वाहिनी सोडून सीबीएसवर गेला तेव्हा त्याच्या बॅण्डचं ‘वर्ल्ड्स मोस्ट डेंजरस बॅण्ड’ हे नाव एनबीसीने सोडलं नाही. त्या मंडळींना ‘सीबीएस ऑर्केस्ट्रा’ व्हावं लागलं. ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याच्या नावाला इतकं घट्ट कोण धरून ठेवतं? एनबीसीच्याच ‘टुनाइट शो’च्या जॉनी कार्सनकडे तर डॉक सेव्हरिन्सन १९६७ ते १९९२ एवढा काळ ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या फौजेचा प्रमुख होता. एनबीसीला बहुधा पैसे खर्चायची हौस असावी.

जाता जाता. लेखातल्या छायाचित्राखाली ‘पॉल शॅफर’ असं छापलं आहे. चित्रातले गृहस्थ ड्रमवर बसले आहेत. शॅफर म्हणजे लेटरमनच्या बॅण्डचा प्रमुख, की-बोर्डवाला. हे मॅक्स वाइनबर्ग, एकेकाळी सूत्रसंचालक कोनन ओब्रायनच्या बॅण्डचे प्रमुख आणि एरवी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे ड्रमर. दुरुस्ती छापलीत तर कृपया शब्दकोड्याच्या उत्तरासारखी भिंगाने वाचायची नको. त्याआधीच्या रविवारच्या कोड्याचं उत्तर तर तुम्ही छापलेलंच नाही.

– एक वाचक, डोंबिवली