कडी

प्रिय शमे,

सात महिने उत्तर नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, पाठ आहे तशीच. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

परवा रात्री पोरीबरोबर 'फ्रायडे द थर्टिन्थ' पाहिला. 1980चा, आपला. हो, तोच, ज्यातला खुनी तू मला मध्यंतरातच सांगून टाकला होतास, आणि तोही चुकीचा! 'जेसन' म्हणे. 'स्क्रीम' सिनेमात फोनवर नेमका हाच प्रश्न विचारतात आणि ती पोरगी तुझंच उत्तर देते. तिचं पुढे काय होतं ते आठवतंय ना?

तर शेवटाकडे ती स्वेटरवाली बाई येते, मिसेस व्हूरहीज. घाबरलेली मुलगी धावत तिच्याकडे जाते, बाई तिला जवळ घेते. आमची सोळा वर्षांची शहाणी म्हणाली, "आई, सुटली बाई ही एकदाची." मी गप्प. मग बाई सांगायला लागते, तिचा मुलगा, तोच जेसन, बुडाला तेव्हा ती तिथेच होती, त्याच कॅम्पवर, स्वयंपाक करत. लक्ष ठेवायचं ते आपल्याच नादात होते.

शमे, मी मान हलवली. एवढे मुडदे तिनेच पाडलेले, आणि मी तिच्या बाजूने! पोरीने पाहिलं आणि चार बोटं लांब सरकून बसली.

तू नेहमी भांडायचीस की असले सिनेमे आईची बदनामी करतात. 'सायको'त तर आई कधीच मेलेली, सुरी मुलाच्या हातात, तरी लोकांना आठवते म्हातारीच, हे तुझं बोलणं मला तेव्हाही पटलं होतं. कबूल केलं नव्हतं इतकंच. पण आपण ते पुन्हापुन्हा का बघायचो? मला वाटतं, आईचा राग पुरता बाहेर पडलेला दुसरीकडे कुठे बघायला मिळतो? माझी आई रागावली की भांडी जरा जोरात ठेवायची. बस. तेवढ्यावरून आपण दोघी जिना उतरून पळायचो, आठवतं? आत किती होतं कुणास ठाऊक. आणि भुताला दार फोडून यावं लागतं, आईला आपणच दार उघडतो. भीती वाटते ती त्याची.

(त्या स्वेटरवाल्या बाईचं काम करणाऱ्या बेट्सी पामरला म्हणे गाडी घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिने ते घेतलं. पटकथा तिला भिकार वाटली होती. तुझ्या नोकरीसारखंच.)

खरी गोष्ट पुढेच आहे. मध्यरात्री पोरीच्या अंगावर पांघरूण आहे का बघायला गेले, तर आतून कडी. ती कधी कडी लावत नाही. आतून आवाज आला, "कोण?" मी म्हटलं, "मी आहे गं, घाबरू नकोस." आणि माझं मलाच ऐकू आलं. तोच सूर, त्या बाईचा. मऊ, समजूत घालणारा.

कडी निघायला जरा वेळ लागला.

सकाळी ती हसत होती, मला 'मिसेस व्हूरहीज' म्हणत होती. मीही हसले. पण तो जरासा वेळ काही डोक्यातून जात नाही. त्यात ती काय विचार करत होती, हे तिला विचारायचं धाडस होत नाही. तू विचारशील? तुला सांगेल ती.

तुझ्या बदलीचं काय झालं? दादाचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? सविस्तर लिही, मी तरी लिहिलंय.

तुझीच,
मंदी

ता. क. माझी कॅसेट अजून तुझ्याकडेच आहे. विसरले नाहीये.