मनू, तुझा आढावा वाचला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

भोपाळला जाऊन तू राज्याच्या राजकारणाचा दर आठवड्याचा आढावा लिहायला लागलीस याचं मला फार कौतुक आहे, इथे इंदूरला भेटेल त्याला सांगत असते. पण या वेळचा वाचून एक बोलायचंच होतं, फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहितेय. अख्खा आढावा कोण कोणाला भेटलं, कोण नाराज, कोणाचं खातं जाणार यावरच आहे गं. हे तर सगळेच चॅनेलवाले दिवसभर देतात. आठवड्याने लिहिणाऱ्याने हे झालं कसं, कोणत्या नियमाने झालं आणि माझ्या घरात त्याने काय फरक पडणार, ते सांगायला हवं.

2020 चंच घे, तू तेव्हा शाळेत होतीस. सगळीकडे एकच हेडलाइन, ज्योतिरादित्य सिंधिया काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, मुख्यमंत्री कमलनाथांचं काँग्रेस सरकार पडलं. पण खरी गंमत गणितात होती. पक्ष सोडला तर पक्षांतरबंदी कायद्यात आमदारकी जाते, म्हणून काँग्रेसच्या 22 आमदारांनी सरळ आमदारकीचे राजीनामेच दिले. 230 ची विधानसभा, दोन जागा आधीच रिकाम्या, त्यामुळे उरले 206 आणि बहुमत आलं 104 वर, भाजपकडे होते 107. एकही मत इकडचं तिकडे न होता सरकार बदललं! पुढे त्या 22 मधलेच आपल्या सांवेरचे तुलसी सिलावट आमदार नसताना एप्रिलमध्ये मंत्री झाले, कारण संविधानात तशी सहा महिन्यांची मुभा आहे, पोटनिवडणूक लांबली तसं ऑक्टोबरमध्ये त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं, मग नोव्हेंबरमध्ये जिंकून आले आणि जानेवारीत परत शपथ. हे असं उलगडून सांगितलं की पुढच्या वेळी कोणी राजीनामा दिला की वाचणारा स्वतःच बेरीज मांडेल, त्याला कोणाच्या सांगण्यावर जावं लागणार नाही.

आता लाडली बहना, आपल्या मध्य प्रदेश सरकारची बायकांना दर महिन्याला पैसे देणारी योजना. तू लिहिलंस की योजनेने 2023 ची निवडणूक फिरवली, असेलही, भाजपच्या 163 जागा आल्या. पण आपल्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंचं बघ. 2023 च्या जूनमध्ये पहिला हजाराचा हप्ता आला तेव्हा त्यांनी मला मोबाइल आणून मेसेज वाचायला लावला, मग त्याचे 1250 झाले, नंतर 1500. त्यांची मुलगी आता लग्न होऊन संसाराला लागली, तिला मात्र काही नाही कारण 2023 च्या ऑगस्टनंतर नवीन नावं घेतलीच नाहीत, आणि ताईंच्या मोठ्या जावेला साठ पूर्ण झाले तर तिचं नाव कटलं. म्हणजे रक्कम वाढली ही एक बातमी, आणि यादी वरून कापली जाते, खालून भरत नाही ही दुसरी. दुसरी मला कुठेच नीट वाचायला मिळाली नाही, आणि तीच या बायकांना जास्त हवी आहे. विधानसभेत लाभार्थींच्या संख्येवर प्रश्न विचारले जातात, मंत्र्यांचं लेखी उत्तर येतं, ते काढ ना. दर सहा महिन्यांचा आकडा एकाखाली एक ठेवलास तरी पान भरेल.

इंदूरच्या 2024 च्या लोकसभेवरही तू दोनच ओळी दिल्यास, त्याने मला वाईट वाटलं. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, तो भाजपमध्ये गेला आणि इथे नोटाला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ला, 2,18,674 मतं पडली. सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार म्हणून निवडून आल्या ते हे शहर, इथे लोक मत द्यायला जातात. ज्याला निवडायला कोणी ठेवलंच नाही त्याने उन्हात रांगेत उभं राहून ते बटण दाबलं, त्यांच्याशी कोणी तरी बसून बोलायला हवं होतं. तू सुट्टीला आलीस की आपल्या कॉलनीत आणि राजबाड्याकडे दोन-चार घरी मी तुला घेऊन जाईन, लोक बोलतील, मी विचारून ठेवते.

संपादक म्हणतील की भेटीगाठींच्या बातम्याच लोक उघडतात. त्या वरती चार ओळीत देऊन टाक, खाली जागा स्वतःला ठेव. आणि लाडली बहनाचं ते लेखी उत्तर मिळालं की मला व्हॉट्सॲपवर पाठव, ताईंना मी वाचून दाखवणार आहे.

तुझी
आई